एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा

१४ जून

प्रिय खारूताई,

तुझा फोन लागत नाही म्हणून हे पत्र. लागत नाही म्हणजे लागतो, वाजतो, पोटभर वाजतो, आणि मग ती बाई सांगते की समोरची व्यक्ती उत्तर देत नाही. तुझ्या फोनमध्येच काहीतरी बिघाड असणार. त्या रविवारीसुद्धा आपण बोलता बोलता तो मध्येच कट झाला होता. दुकानात दाखवून घे, पण फोन त्यांच्या हातात देऊन निघून जाऊ नकोस, समोर उभी राहा.

त्यानंतर तुझा मेसेज तेवढा आला. "तुम्हाला ऐकता येत नाही बाबा. राहू दे." तो मी बऱ्याचदा वाचलाय. पहिलं वाक्य समजलं, पटलं नाही. दुसरं समजलंच नाही. राहू दे म्हणजे काय राहू दे?

तर ऐकता येत नाही म्हणतेस ना, आता ऐक. आपल्या वस्तीच्या युवा केंद्रात मी नाव घातलंय. तिथे दोन योजना आहेत. पहिलीत माझ्यासारखे अनुभवी लोक एकेका तरुण मुलाला किंवा मुलीला वाट दाखवतात, दर शनिवारी भेटायचं आणि बोलायचं. दुसरीत उलटं असतं, तरुण पोरं एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना सोबत करतात. मी अर्थातच पहिलीत आहे. दुसरी आपल्या समोरच्या शिंप्यासारख्यांसाठी, जो दिवसभर खिडकीत बसून कावळ्यांशी भांडतो.

दोन्ही योजनांना प्रशिक्षण मात्र एकच होतं, एकाच हॉलमध्ये, म्हातारे आणि पोरं सरमिसळ. केंद्राच्या बाईंनी नियम सांगितला, "एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा. समोरचा बोलून संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. सल्ला तर मुळीच द्यायचा नाही." मी हात वर करून विचारलं, "मग आम्ही करायचं काय?" सगळे हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. जन्मभर मी लोकांना गाडी शिकवली. शेजारी बसून गप्प राहिलो असतो तर या शहरातले निम्मे विजेचे खांब आज आडवे असते.

दुसरा नियम असा, की आपण मदत करतोय हे समोरच्याला जाणवू द्यायचं नाही. हे आपल्याला जमेल.

सप्टेंबरात वस्तीचा दिवस असतो, तुला आठवतच असेल. रस्ता बंद करून मांडव घालतात, पोरं नाचतात, लाउडस्पीकर कोकलतो. यंदा त्यात प्रत्येक मार्गदर्शकाने आपल्या जोडीदाराला स्टेजवर नेऊन चार शब्दांत ओळख करून द्यायची आहे. तू ये. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची धरून ठेवतो. येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ, म्हणजे मग तो मेसेज परत घेशील. हातच्या काकणाला आरसा कशाला?

बाबा

ता.क. गाडीच्या टायरमधली हवा बघून घे. स्टेपनीचीही. सगळे चार चाकं बघतात आणि पाचवं विसरतात.


२९ जून

प्रिय खारूताई,

पत्र पोचलं असेल. उत्तर नाही म्हणजे तू कामात असशील.

मला एक मुलगी मिळाली आहे. चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या डोळ्यांवर ती जड फ्रेम चढवायची, भिंग बदलत राहायचं आणि विचारायचं, "आता जास्त स्पष्ट दिसतंय, की आधी?" स्वतःला चष्मा नाही. तरी मी मनातल्या मनात तिचं नाव चष्मेवाली ठेवून टाकलं.

पहिली भेट केंद्राच्या मागच्या खोलीत झाली. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक डुगडुगणारं टेबल, आणि पलीकडच्या खोलीत टेबल टेनिसची टकटक. ती आली, हसली, बसली. म्हणाली, "काका, मला तुमचं नाव दिलंय केंद्राने." मी म्हटलं, "मलाही तुझं." मग मी नियमाप्रमाणे एक प्रश्न विचारला.

"काय म्हणतेस?"

"मी मजेत. तुम्ही काय म्हणता?"

"मीपण मजेत."

आणि मी गप्प बसलो. तीही गप्प बसली. मी तिच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे बोल, बोल. तिनेही माझ्याकडे बघून अगदी तशीच मान हलवली. खारूताई, खोटं वाटेल तुला, पण तोंडात मूग धरून बसण्याची स्पर्धा असती तर आम्हाला विभागून पहिलं बक्षीस मिळालं असतं. पलीकडे कोणीतरी गेम जिंकला, ओरडाआरडा झाला, दुसरा गेम सुरू झाला, आणि आम्ही आपले एकमेकांकडे प्रेमाने बघत बसलोय.

शेवटी तीच म्हणाली, "झोप नीट लागते ना काका?"

मी चाटच पडलो. आजकालची मुलं आपल्याला विचारतात? मी म्हटलं, "लागते. तुला?" म्हणाली, "लागते." मग तिने विचारलं, घरी कोण कोण असतं. मी सांगितलं की तुझी आई गेल्यापासून मी एकटाच, मुलगी दूरच्या शहरात मोठ्या नोकरीत, आमचं रोज बोलणं होतं.

हे रोजचं मी का सांगितलं ते मला कळलं नाही. तोंडातून निघून गेलं.

मी तिला विचारलं, "तुझ्या घरी?" "आईवडील." "काही अडचण?" "नाही हो, छान चाललंय. तुम्हाला काही अडचण?" "मला कसली अडचण!" झालं. परत टकटक ऐकत बसलो.

घरी येताना वाटलं, मुलगी लाघवी आहे, पण मनाचं दार घट्ट लावून बसली आहे. तुझ्यासारखीच. लहानपणी तू खाऊ गालात धरून ठेवायचीस, दुपारचा संध्याकाळपर्यंत, म्हणून तर खारूताई नाव पडलं. मोठेपणी तू बोलणंही तसंच धरायला लागलीस. आईपाशी तेवढं गाल रिकामे करायचीस. तुमचे फोन चालायचे तेव्हा मी मागून एखादी सूचना द्यायचो आणि आई फोन घेऊन गॅलरीत जायची. तिथे तुम्ही काय बोलायचात?

बाबा

ता.क. तुझ्याकडे पाऊस सुरू झाला असेल तर वायपरचं रबर बदल. किंचाळायला लागेपर्यंत थांबू नकोस.


२० जुलै

प्रिय खारूताई,

माझ्या डोक्याचा भुगा झालाय.

या मुलीला काही अडचणच नाही! नोकरी आहे, आईवडील धडधाकट आहेत, तब्येत ठणठणीत. आता मी वाट दाखवायची कुणाला आणि कुठली? शनिवार आला की ती वेळेवर हजर, आणि माझ्याकडे अशी बघते की जणू मीच आता काहीतरी मोठं सांगणार आहे. मी नियम पाळून तिच्याकडे तसंच बघतो.

केंद्राच्या बाईंना गाठलं. त्या वस्तीच्या दिवसाची तयारी म्हणून शिडीवर चढून पताकांची मापं घेत होत्या, तोंडात टाचण्या.

मी म्हटलं, "बाई, माझ्या जोडीदाराला कसली म्हणून अडचण नाही."

"अहो, वरवर तसंच वाटतं," टाचण्यांमधून बाई म्हणाल्या. "एकटेपण दिसतं का पटकन?"

"पण हसतमुख आहे हो."

"तेच तर! असेच लोक आतून एकटे असतात. हळूहळू घ्या. आणि ती दोरी जरा ओढून धरा."

मी दोरी धरली. म्हणजे पोरीला आतून काही दुःख आहे, आणि ते बाईंना माहीत आहे, आणि मला नाही. घरी येईपर्यंत तोच विचार.

मग मी एक युक्ती केली. माझा अनुभव असा, की नवशिक्याला आधी आपण चुका करून दाखवल्या तर त्याची भीती मोडते. म्हणून मी तिला म्हटलं, "मला मोबाइलवर आपला आवाज पाठवायला जमत नाही. दाखवशील?" मला येतं ते, चांगलं येतं. पण तिचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! खुर्ची ओढून शेजारी आली आणि हे बटण, ते बटण, हळूहळू, न कंटाळता दाखवत बसली. मी मुद्दाम चुकलो. ती म्हणाली, "काही हरकत नाही काका, पुन्हा करू." शिकवायचा हात चांगला आहे तिचा. मी मात्र माझ्या विद्यार्थ्यांना "काही हरकत नाही" कधी म्हटल्याचं आठवत नाही. गाडी आहे ती, हरकत असतेच.

युक्ती लागू पडली. पुढच्याच शनिवारी ती खाली बघत म्हणाली, "काका, मला पण एक विचारायचं होतं. मला गाडी चालवायची खूप भीती वाटते. तुम्ही शिकवाल?"

काय सांगू तुला! मनात म्हटलं, हे बघ, सापडलं दुःख. आमच्या जुन्या ड्रायव्हिंग शाळेतली गाडी मागून आणली, तीच, जिच्यात माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक आहे. तिला बसवलं, आरसे लावून दिले, क्लच म्हणजे काय ते सांगितलं. ती म्हणे, "बापरे, एवढं सगळं?" आणि मग गाडी अशी काढली, जशी लोण्यातून सुरी. मी म्हटलं, हाफ क्लच. तिचा पाय आधीच तिथे. मी म्हटलं, आरसा. तिने आधीच बघितलेला. पहिल्याच दिवशी रिव्हर्स घेऊन दोन टेम्पोंच्या मधे गाडी लावली. माझा ब्रेकवरचा पाय नुसता बसून बसून अवघडला.

असा हात मी उभ्या जन्मात बघितला नाही. शिकवणारा चांगला असला की असं होतं.

बाबा

ता.क. तुला मी शिकवलं तेव्हा तू रडली होतीस, आठवतं? पण आज तू किती छान चालवतेस. बहुतेक छानच चालवत असशील.


१० ऑगस्ट

प्रिय खारूताई,

आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत आणि दोन्हींचा मला अर्थ लागलेला नाही.

पहिली आवाजाची. चष्मेवाली म्हणाली, "काका, आता शिकलात ना, तर मुलीलाच पाठवा पहिला." मी नाही कसं म्हणणार, आमचं तर रोज बोलणं होतं! मी बोललो. पाठवायच्या आधी तिने तो परत लावून दाखवला, कसा ऐकायचा ते कळावं म्हणून.

टेबल डुगडुगत होतं आणि त्यातून माझा आवाज येत होता. "हं, बाबा बोलतोय. खिडकीला जाळी बसवलीस का? गॅसची नळी बदल. ऑफिसमधून उशीर झाला तर त्या बोगद्याकडून येऊ नकोस. डाव्या बाजूचा आरसा सैल होता तो..." संपेपर्यंत हेच. मी वाट बघत होतो की आता मी तुला काहीतरी विचारीन, कशी आहेस वगैरे. विचारलं असणार असं मला वाटत होतं. मनात तर विचारलं होतं.

चष्मेवालीने फोन नुसता माझ्या हातात परत ठेवला. नियम पाळत असेल. मी तो पाठवला नाही. म्हटलं, रेंज नाही.

दुसरी गोष्ट गाडीतली. गाडीत माणूस बोलतो, हे मला धंद्यामुळे माहीत आहे. दोघांची तोंडं रस्त्याकडे असतात, एकमेकांकडे बघावं लागत नाही. माझ्या शेजारी बसून लोकांनी किती काय काय सुरू केलं असेल, मोडलेली लग्नं, सासवा, आजार. आणि मी म्हणायचो, "ते असू दे, गिअर बदल." पण ही चालवते इतकी चांगली की मला म्हणायला काही शिल्लकच राहत नाही. त्यामुळे त्या दिवशी मी गप्प होतो, आणि ती बोलायला लागली.

तिला दुकान सोडायचंय. पुढचं शिकायला दुसऱ्या शहरात जायचंय, डोळ्यांचंच शिक्षण. जागा मिळाली आहे. आईला सांगितलेलं नाही, कारण आईचा जीव तिच्यात. सिग्नल लागला, सुटला, पुन्हा लागला, आणि ती सांगत राहिली. माझ्या तोंडात सल्ले नुसते उड्या मारत होते. आईला असं सांग, तसं सांग, आधी राहण्याची सोय बघ. मी दात आवळून बसलो होतो, फक्त त्या स्टेजसाठी, तुझ्यापुढे मिरवता यावं म्हणून. पुलापाशी ती थांबली आणि म्हणाली, "हां. म्हणजे मी आधी बाबांना सांगते आणि मग दोघं मिळून आईला."

तिचं तिनेच ठरवलं. मी काहीही केलं नव्हतं. खारूताई, मी काहीही केलं नव्हतं आणि तरी तिचं काम झालं, हे कसं?

मग म्हणाली, "आता तुमची पाळी काका." आणि मी तिला आपला रविवार सांगितला. रोजच्या बोलण्याचं खोटं होतं तेही सांगितलं. तुला आठवतो का तो फोन? माझी बाजू एकदा कागदावर येऊ दे. तू म्हणालीस, "बाबा, मला एक सांगायचंय." मी म्हटलं, सांग की, पण आधी ती जाळी बसवलीस का ते सांग. तू म्हणालीस, "बाबा, ऐका ना." मी म्हटलं, ऐकतोच आहे, पण नोकरीचं असेल तर घाईने सोडू नकोस, आणि तब्येतीचं असेल तर त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जाऊ नकोस, आणि कुणी आवडलाबिवडला असेल तर आधी त्याची गाडी चालवायची पद्धत बघ, माणूस तिथे कळतो. म्हणजे तू तोंड उघडायच्या आधी मी सगळ्या शक्यतांची उत्तरं तयार ठेवली होती. एवढं कुठला बाप करतो? आणि फोन कट झाला.

चष्मेवालीने गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक लावला आणि एकच प्रश्न विचारला.

"काय सांगायचं होतं त्यांना?"

"कुणाला?"

"तुमच्या मुलीला. त्या दिवशी."

मी हात वर करून मधला आरसा सरळ करायला लागलो. ती वाट बघत राहिली. मागून एकाने हॉर्न मारला. मी म्हटलं, "गाडी पुढे घे."

बाबा

ता.क. फोन कट झाला असं मी वर लिहिलंय. तू ठेवलास, हे मला तेव्हाच कळलं होतं. इंजिन ऑइल बघत जा.


७ सप्टेंबर

प्रिय खारूताई,

तू आली नाहीस ते बरंच झालं. नाही, बरं नाही झालं. मला कळत नाहीये काय झालं ते. क्रमाने सांगतो.

पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर मी सकाळपासून रुमाल टाकून ठेवला होता. रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पताका, लाउडस्पीकर मधेच शिट्टी मारतोय, समोरचा शिंपीसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. छोट्यांचा नाच झाला, निम्मे डावीकडे वळले, निम्मे उजवीकडे, टाळ्या सगळ्यांना. मग बाई माइकवर आल्या. "आता आमचे मार्गदर्शक आणि सोबती आपापल्या जोडीदाराची ओळख करून देतील." एकेक जोडी जायची. एक जण बोलायचा, दुसरा लाजत उभा राहायचा.

आमचा पुकारा झाला. मी उठलो. पलीकडून चष्मेवाली उठली. आम्ही दोघं चढलो आणि दोघंही सरळ माइकपाशी गेलो. मला वाटलं, पोरगी घाबरली आहे, कुठे उभं राहायचं ते कळत नाहीये. मी हाताने खूण केली, तिकडे. तिनेही मला प्रेमाने तशीच खूण केली, तिकडे. मी परत केली. तिने माझा कोपर धरला आणि मला हळूच बाजूला उभं केलं, म्हातारा माणूस रस्ता ओलांडताना धरतात तसं. आणि माइकमध्ये म्हणाली,

"हे माझे काका. मी त्यांची सोबती आहे. काका घरी एकटे असतात. सुरुवातीला अजिबात बोलायचे नाहीत..."

मी म्हटलं, "थांब, थांब, थांब." माइक जवळच होता, सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं. "अगं, मी तुझा मार्गदर्शक आहे!"

"नाही काका, मी तुमची."

"तू माझ्याकडे शिकायला आलीस!"

"मी तुम्हाला सोबत करायला आले!"

खारूताई, लोक आधी कुजबुजले, मग हसले, मग थांबेचनात. बाई तिथेच पायरीवर बसल्या, कपाळाला हात लावून. दोन योजनांची नावं एकत्र करून त्यांनी जोड्या लावल्या होत्या, आणि आमच्या जोडीत दोघंही मदत करणारेच पडले होते. मदत घेणारा कोणीच नाही. आता समजलं का, ती मान का हलवायची? एकाच हॉलमध्ये बसून आम्ही एकच धडा घोकला होता.

मी तरी हट्टाने म्हटलं, "मग गाडी? गाडी कोणी शिकवली तुला?"

तिसऱ्या रांगेतून तिचे वडील उभे राहिले. भला माणूस, प्रश्न खरा समजून बोलला. "अहो काका, कॉलेजात असल्यापासून आमची सामानाची व्हॅन तीच चालवते!"

मला कुणी त्या स्टेजच्या फळीखाली ढकललं असतं तर मी खुशीने गेलो असतो. समोर तो रुमाल दिसत होता. पहिल्यांदा वाटलं, सुटलो, बघायला तू नाहीस. लगेच वाटलं, बघायला हवी होतीस, किती हसली असतीस. दोन्ही एकदमच वाटलं. मी उतरलो आणि मांडवामागे जाऊन खुर्च्यांच्या चळतीपाशी उभा राहिलो.

चष्मेवाली मागोमाग आली. डोळ्यांत पाणी. "काका, सॉरी. गाडीचं मी खोटं बोलले. तुम्ही नुसते बसून असायचात, तुम्हाला काहीतरी करायला मिळावं म्हणून..."

"मोबाइलचं मला येत होतं," मी म्हटलं.

ती बघतच राहिली. "सगळं?"

"सगळं. मुद्दाम चुकायचो."

मग ती जी हसायला लागली, नाक ओढत, डोळे पुसत, आणि मलाही हसू आलं. बाई धावत आल्या. "चूक माझी. पुढच्या शनिवारपासून दोघांनाही योग्य जोडीदार देते." आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "नको." आणि परत दोघंही गप्प बसलो, सवयीने.

तिने घरी सांगितलंय. आई दोन दिवस बोलली नाही, मग बॅग काढून धूळ झटकायला लागली. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला जाईल. मांडवातून निघताना मला म्हणाली, "माझं खरं तुम्ही ऐकलंत काका, तेव्हा मी नाटक करत नव्हते." मीही नव्हतो करत. म्हणजे करत होतो, पण मधेच कुठेतरी थांबलो. नक्की कुठे ते मला अजून सापडत नाहीये.

आता तुला दाखवायला माझ्याकडे काही उरलं नाही. मी कुणाला वाट दाखवली असं म्हणता येत नाही. मला कुणी सोबत केली असंही म्हणवत नाही, पण दर शनिवारी मी दाढी करून तयार बसायचो हे खरं आहे. तुझ्यावाचून घर मोठं वाटतं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, सूचनांमध्ये राहून गेलं.

बाबा

ता.क. रुमाल हरवला. तो तूच दिलेला होतास. तू लांबच्या प्रवासाला निघालीस तर सकाळी लवकर निघ, उन्हाचा चटका नको.


५ ऑक्टोबर

प्रिय खारूताई,

तिला काल स्टँडवर सोडून आलो. गाडी तिनेच चालवली, मी शेजारी बसलो. तिच्या वडलांची व्हॅन होती, माझ्या बाजूला ब्रेक नव्हता. पाय सारखा दाबला जात होता, खाली नुसता पत्रा. ती बोलत होती, मी ऐकत होतो.

याच्या खाली मी दोन पानं लिहिली होती. ती फाडून टाकली.

त्या रविवारी तू म्हणालीस, "बाबा, मला एक सांगायचंय."

काय सांगायचं होतं?

बाबा

ता.क. काही नाही.